अकरा लाखांचे पॅकेज आणि रावेरमधील एक प्रवेश अर्ज: बूटकॅम्पच्या पगारदाव्यांचा प्रकरण अभ्यास

रावेर तालुक्यातील एका केळी उत्पादक कुटुंबाने आपल्या मुलाला पुण्यातील एका कोडिंग बूटकॅम्पमध्ये, म्हणजे काही महिन्यांत प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या खासगी संस्थेत, पाठवावे की नाही, हा प्रश्न काही काळापूर्वी माझ्यापुढे ठेवला. मी जळगावच्या एका महाविद्यालयात वाणिज्य शाखेला संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे असे प्रश्न अधूनमधून माझ्याकडे येतात. संबंधितांची ओळख पटू नये इतपत तपशील येथे बदलले आहेत. रकमा आणि त्यांचे परस्परांशी असलेले प्रमाण मात्र निर्णयाच्या वेळी होते तसेच ठेवले आहे.

मुलगा २४ वर्षांचा, यंत्र अभियांत्रिकीचा पदवीधर. पदवीनंतरचे एक वर्ष स्पर्धा परीक्षेच्या तयारीत गेले आणि त्यानंतर जळगाव एमआयडीसीतील प्लॅस्टिकच्या चटया तयार करणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात त्याला काम मिळाले. हातात १६ हजार रुपये पडत होते आणि रेल्वेचा पास काढून रावेर-जळगाव अप-डाऊन चालले होते. बूटकॅम्पचा अभ्यासक्रम ‘फुल स्टॅक’ प्रोग्रॅमिंगचा, म्हणजे संकेतस्थळाच्या दर्शनी आणि पडद्यामागच्या अशा दोन्ही भागांचा, सात महिन्यांचा. शुल्क १ लाख ८० हजार रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण २ लाख १२ हजार ४०० रुपये. ही रक्कम एका वित्तपुरवठा कंपनीमार्फत मासिक हप्त्यांनी भरण्याची सोय होती, आणि ‘जागा संपत आल्या आहेत’ असा समुपदेशकाचा फोन दर दोन दिवसांनी येत होता.

कुटुंबासमोर तीन दावे होते. चोपडा तालुक्यातील, ओळखीच्या घरातील एका तरुणाने ‘१४ हजारांवरून ११ लाखांवर’ अशी स्वतःची यशोगाथा लिंक्डइनवर लिहिली होती. संस्थेच्या जाहिरातीत ‘९२ टक्के प्लेसमेंट, सरासरी पॅकेज ७.१ लाख’ असे छापलेले होते. तिसरा दावा मुलाच्या मामेभावाचा. त्याने तोच अभ्यासक्रम केला होता आणि लग्नसराईत भेटल्यावर आपल्याला ६ लाखांचे पॅकेज असल्याचे सांगितले होते. वडिलांचा मुद्दा सरळ होता. ‘पोरगा खोटं बोलत नही, मंग अडचन काय हाये?’ असे त्यांनी मला विचारले.

अडचण नेमकी तेथेच होती. तपासाअंती तिन्ही दावे त्यांच्या त्यांच्या अर्थाने खरे निघाले, आणि तरीही त्यांपैकी पहिल्या दोघांच्या आधारे दोन लाखांहून अधिकच्या कर्जावर सही करणे चुकीचे ठरले असते. पगाराचा दावा तपासताना आपण सहसा समोरचा खोटे बोलत आहे का एवढेच पाहतो. परंतु तो दावा कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे पाहणे त्याहून अधिक गरजेचे असते. या कुटुंबाचा प्रश्न असा होता: संगणक शाखेबाहेरची पदवी असलेला, या क्षेत्रातील अनुभव नसलेला आमच्या मुलासारखा मुलगा हा अभ्यासक्रम करून बाहेर पडला, तर त्याला काय मिळण्याची शक्यता आहे?

चोपड्याचे ११ लाख

या तरुणाने मोकळेपणाने माहिती दिली, हे आधी नमूद केले पाहिजे. त्याने आपल्या नियुक्तिपत्रातील पगाराची फोड वाचून दाखवली. मूळ वेतन आणि भत्ते मिळून निश्चित रक्कम ७ लाख ८० हजार. कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीतील वाटा २१ हजार ६००, ग्रॅच्युइटीची तरतूद १८ हजार ७५९, विम्याचा हप्ता ९ हजार ६४१. कामगिरीवर अवलंबून असलेला बदलता भाग १ लाख २० हजार, रुजू होताना एकदाच मिळणारा बोनस १ लाख आणि दोन वर्षे टिकल्यास मिळणारा बोनस ५० हजार. यांची बेरीज बरोबर ११ लाख होते. मात्र दरमहा बँकेत जमा होणारी रक्कम काढायची तर ७ लाख ८० हजारांना बाराने भागून त्यातून स्वतःचा निधीचा वाटा १,८०० आणि व्यवसाय कर २०० वजा करावे लागतात, म्हणजे उरतात ६३ हजार. आताच्या नियमांनी हिशेब केला तर आयकराचा प्रश्न येथे येत नाही, कारण २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर लागत नाही. ‘११ लाख’ ऐकणारा माणूस मनातल्या मनात दरमहा ९१ हजार धरतो. प्रत्यक्षात दरमहा २८ हजारांहून अधिक फरक पडतो, आणि रुजू होतानाचा बोनसही वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास परत करावा लागणार होता.

वडिलांना हा भाग समजावून सांगावा लागला नाही. बाजार समितीने जाहीर केलेला केळीचा भाव आणि व्यापारी बांधावर प्रत्यक्ष देतो तो भाव यांतील अंतर ज्याने आयुष्यभर पाहिले, त्याला सीटीसी, म्हणजे कंपनीने सांगितलेले एकूण वार्षिक पॅकेज, आणि हाती येणारा पगार यांतील फरक लगेच कळतो.

तथापि ६३ हजार ही रक्कमही लहान नाही, म्हणून त्यापुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा होता: तेवढा पगार बूटकॅम्पमुळे मिळाला का? हा तरुण एमसीए, म्हणजे संगणक विषयातील पदव्युत्तर पदवीधर होता. त्याने लिहिलेले १४ हजार हे त्याच्या पहिल्या नोकरीचे मासिक वेतन होते. बूटकॅम्पला जाण्यापूर्वी तो पुण्यातील एका कंपनीत जवळजवळ तीन वर्षे सॉफ्टवेअर चाचणीचे काम करत होता आणि तेथील त्याचा शेवटचा पगार वार्षिक ४ लाख ८० हजार होता. यशोगाथेत हा मधला टप्पा आलाच नव्हता. त्याने तो लपवला असे मी म्हणणार नाही, कारण विचारल्याबरोबर त्याने सांगितला. पण सुरुवात आणि शेवट एवढेच मांडले की मधले सगळे श्रेय आपोआप अभ्यासक्रमाच्या नावावर जमा होते. अनुभव आणि पदव्युत्तर पदवी जमेस धरली, तर बूटकॅम्पशिवाय नुसती नोकरी बदलूनही त्याला ७-८ लाखांचे पॅकेज मिळू शकले असते, असे त्याचे स्वतःचेच मत होते. अभ्यासक्रमाचे मोल मोजायचे तर ११ लाखांतून १४ हजार नव्हे, हे ७-८ लाख वजा करायला हवेत. रावेरच्या मुलासाठी तर ही वजाबाकीही निरुपयोगी आहे, कारण त्याची सुरुवातच वेगळ्या ठिकाणाहून होणार होती.

येथे एक स्थानिक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. आपल्याकडे पॅकेजचा आकडा फक्त नोकरीपुरता राहत नाही. तो लग्नाच्या बायोडाट्यात जातो, मुलीकडची मंडळी तो विचारतात आणि भाऊबंदकीत तो बोलला जातो. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळणे जेथे कठीण झाले आहे, तेथे पुण्यातील नोकरीचा आकडा फुगवून सांगण्यामागे केवळ बढाई नसते. एकदा सांगितलेला आकडा मग खाली आणता येत नाही, आणि म्हणून नातेवाइकाने चारचौघांत सांगितलेला पगार हा पुरावा म्हणून सर्वांत कच्चा मानावा. तोच नातेवाईक एकट्याशी बोलताना जे सांगतो ते मात्र पुष्कळदा सर्वांत पक्के असते. याशिवाय त्या संस्थेत नवा विद्यार्थी मिळवून देणाऱ्या माजी विद्यार्थ्याला रोख रक्कम दिली जात होती. चोपड्याच्या तरुणाने ती कधी घेतली नव्हती, परंतु अशा प्रत्येक यशोगाथेखाली हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

९२ टक्के कशाचे?

संस्थेला लेखी प्रश्न पाठवण्याचा सल्ला मी दिला. तोंडी मिळालेली उत्तरे प्रत्येक फोनला बदलत होती. ईमेल गेल्यावर मात्र दोन आकडे हाती आले. ‘प्लेसमेंटसाठी पात्र’ विद्यार्थी ६५ आणि त्यांपैकी ‘प्लेस’ झालेले ६०. साठला पासष्टने भागले की ९२ टक्के येतात, तेव्हा छापलेला आकडा बिनचूक होता. त्या तुकडीत एकूण प्रवेश किती झाले होते, याचे उत्तर संस्थेने दिले नाही. माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप गटातील जुन्या यादीवरून ती संख्या १२० च्या आसपास निघाली. पात्रता ठरत होती ती ८५ टक्के हजेरी, सर्व प्रकल्प पूर्ण, सराव मुलाखतींत ठरावीक गुण आणि भारतात कोठेही जाण्याची लेखी तयारी यांवर. जो मागे पडला, ज्याचे पैसे संपले, ज्याला घरी परत यावे लागले, तो अपयशी ठरला नाही. तो मोजणीतूनच गेला. शुल्क भरणाऱ्याच्या दृष्टीने प्रमाण ६० भागिले १२० असेच धरले पाहिजे, म्हणजे निम्मे. शिवाय त्या ६० जणांत विद्यावेतनावरील इंटर्न, संस्थेनेच साहाय्यक शिक्षक म्हणून ठेवलेले आणि स्वतःला फ्रीलान्सर म्हणवणारेही होते. पूर्णवेळ सॉफ्टवेअरची नोकरी मिळालेले साधारण ४० असावेत, असा त्या गटातील लोकांचा अंदाज होता.

ही रीत पुण्यातील एका संस्थेने शोधून काढलेली नाही. अमेरिकेत बूटकॅम्पचा धंदा आपल्या आधी वाढला आणि तेथे हीच मोजणी सरकारी यंत्रणांपुढे उघडी पडली. न्यूयॉर्कच्या फ्लॅटआयर्न स्कूलने ९८.५ टक्के रोजगार आणि ७४,४४७ डॉलर सरासरी प्रारंभिक पगार असे जाहीर केले होते. रोजगाराच्या आकड्यात शिकाऊ, कंत्राटी आणि फ्रीलान्स काम करणारेही धरलेले होते. पगाराची सरासरी मात्र केवळ पूर्णवेळ नोकरीत लागलेल्यांची, म्हणजे प्रत्यक्ष वर्गातील पदवीधरांपैकी ५८ टक्के आणि ऑनलाइन शिकलेल्यांपैकी ३९ टक्के एवढ्यांचीच होती. हे ठळकपणे न सांगितल्यामुळे आणि परवान्याशिवाय संस्था चालवल्यामुळे २०१७ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या अॅटर्नी जनरलबरोबर तिला ३ लाख ७५ हजार डॉलरची तडजोड करावी लागली. एका टक्केवारीसाठी सैल व्याख्या आणि शेजारच्याच सरासरीसाठी घट्ट व्याख्या, ही युक्ती मला साऱ्या प्रकारात सर्वांत शिकण्यासारखी वाटते, कारण दोन्ही आकडे वेगवेगळे तपासले तर कोठेच खोटे सापडत नाही.

ब्लूमटेक या संस्थेचे, म्हणजे पूर्वीच्या लॅम्बडा स्कूलचे प्रकरण याहून ढळढळीत आहे. तिने ७१ ते ८६ टक्के प्लेसमेंट जाहीर केले होते. तिच्याच अंतर्गत नोंदींत हे प्रमाण ५० टक्क्यांच्या जवळ आणि काही तुकड्यांत ३० टक्क्यांपर्यंत खाली होते, असे अमेरिकेच्या ग्राहक वित्त संरक्षण विभागाने एप्रिल २०२४ च्या आदेशात म्हटले. एका तुकडीचे प्लेसमेंट १०० टक्के असल्याचे तिच्या प्रमुखाने जाहीर केले होते. त्या आकड्यामागे विद्यार्थी होता एक.

सरासरीचा भाग मी मुलाला कागदावर करून दाखवला. दहा जणांपैकी आठ जणांना ३.६ लाख, एकाला १२ लाख आणि अनुभवी अशा एकाला ३० लाख मिळाले, तर सरासरी ७ लाख ८ हजार येते, म्हणजे जवळजवळ जाहिरातीतलाच आकडा. त्या दहांत सात लाख मिळवणारा एकही नाही. सर्व पगार चढत्या क्रमाने लावून मधला, म्हणजे मध्यक, काढला, तर ३.६ लाख मिळतो. ‘मध्यक पगार किती?’ या प्रश्नावर संस्थेकडून ‘ही माहिती गोपनीय आहे’ असे उत्तर आले. सरासरी जाहीर आणि मध्यक गोपनीय असण्याचे मला तरी एकच कारण दिसते.

आपल्याकडे कायदा अगदीच मुका नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. यशाचे प्रमाण किंवा नोकरीची हमी याविषयी खोटे दावे करण्यास त्यांत मनाई आहे, यशस्वी विद्यार्थ्याचे नाव व छायाचित्र वापरायचे तर त्याच्या यशानंतर घेतलेली लेखी संमती लागते, आणि खुलासा दाव्याएवढ्याच ठळक अक्षरात छापावा लागतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही तक्रार करता येते, म्हणजे पुण्याला खेटे घालण्याची गरज नाही. परंतु हे सर्व पैसे गेल्यानंतरचे उपाय आहेत. वित्तपुरवठा कंपनीशी झालेला करार स्वतंत्र असतो. अभ्यासक्रम आवडला नाही किंवा नोकरी लागली नाही म्हणून हप्ता आपोआप थांबत नाही. करारात ‘प्लेसमेंट साहाय्य’ असे शब्द होते, हमी नव्हती.

मामेभावाचे ६ लाख, आणि त्याआधीचे ३.६

मामेभावाला मुलगा पुण्यात, त्याच्या खोलीवर जाऊन भेटला. तेथे कळले की अभ्यासक्रम संपल्यावर त्याला सात महिने नोकरी नव्हती, पहिली नोकरी ३.६ लाखांची लागली आणि सव्वा वर्षाने कंपनी बदलल्यावर ६ लाख झाले. त्याने भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक मोबाइलवर उघडून दाखवले. कंपनीचे नाव आणि दर महिन्याचा भरणा त्यात दिसतो, त्यामुळे नोकरी केव्हा सुरू झाली आणि मध्ये किती महिने खंड पडला याबाबत वाद उरत नाही. नियुक्तिपत्राचे छायाचित्र हा यशोगाथांत दिला जाणारा नेहमीचा पुरावा; पण ते रुजू होण्यापूर्वीचे असते, त्यानंतर रुजू होणे लांबू शकते, रद्द होऊ शकते, आणि आकडा बदलून चित्र तयार करणेही अवघड नाही. पासबुक, सलग तीन महिन्यांच्या पगारपावत्या किंवा फॉर्म १६, म्हणजे कंपनीने दिलेला पगार व करकपातीचा दाखला, यांचे वजन त्याहून पुष्कळ अधिक असते.

या भेटीनंतर मुलाने सर्वांत उपयोगी काम स्वतः केले. संस्थेच्या भिंतीवरील छायाचित्रे सोडून त्याने लिंक्डइनवर संस्थेच्या नावाने शोध घेतला आणि दोन वर्षांपूर्वी अभ्यासक्रम संपवलेल्यांपैकी ५० जण निवड न करता ओळीने घेतले. त्यांत संगणक शाखेबाहेरची पदवी असलेले आणि आधीचा अनुभव नसलेले २१ निघाले, आणि त्या २१ पैकी प्रोग्रॅमरचे काम करणारे ५. उरलेल्यांत काही जण तांत्रिक साहाय्याच्या कामात होते, काही मूळ क्षेत्रात परतले होते, काहींच्या पानावर प्रमाणपत्रापलीकडे काहीच नव्हते. एवढ्या लहान नमुन्यावरून टक्केवारी छापू नये. शिवाय ज्यांना काही मिळाले नाही ते लोक संस्थेचे नाव आपल्या पानावर लावतीलच असे नाही, त्यामुळे खरे प्रमाण याहून कमीच असण्याची शक्यता आहे. तरीही कुटुंबाच्या प्रश्नाला थेट भिडणारी माहिती साऱ्या शोधात हीच होती. त्या पाचांत मामेभाऊ होता; आणखी तिघांनी संदेशाला उत्तर दिले. पहिला पगार ३ ते ४.२ लाख, आणि अभ्यासक्रमानंतर नोकरी लागेपर्यंत पाच ते अकरा महिने, असे त्यांचे अनुभव होते.

तुकडीचे सालही पाहावे लागते. २०२१ आणि २०२२ मध्ये सॉफ्टवेअर कंपन्यांना माणसे पुरत नव्हती, तेव्हाच्या यशोगाथा त्या काळाच्या आहेत. २०२३-२४ या एका आर्थिक वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तिघींची कर्मचारीसंख्या मिळून सुमारे ६४ हजारांनी घटली. चोपड्याच्या तरुणाची नोकरी २०२२ मधील होती.

हिशेब आणि निर्णय

शुल्क २ लाख १२ हजार ४००. पुण्यात कॉट बेसिसवर राहणे आणि मेस धरून महिना १२ हजार, सात महिन्यांचे ८४ हजार. कारखान्याचा सोडावा लागणारा पगार सात महिन्यांचा १ लाख १२ हजार. येथपर्यंत ४ लाख ८ हजार ४०० होतात. नोकरी शोधण्यात आणखी पाच महिने गेले, आणि तेवढे तर सर्वांत लवकर लागलेल्यालाही गेले होते, तर दरमहा २८ हजारांप्रमाणे १ लाख ४० हजार वाढतात. एकूण साडेपाच लाखांच्या जवळ.

समोरच्या बाजूला ३.६ लाखांचे पॅकेज ठेवले, तर हाती २५ हजारांच्या आसपास पडतात आणि नोकरदाराचा पुण्यातील खर्च १३ हजार धरला तर १२ हजार उरतात. जळगावच्या १६ हजारांतून पास आणि बाहेरचे खाणे वजा जाता साडेबारा हजार उरत होते. म्हणजे पहिल्या वर्षी, नोकरी लागलीच तरी, शिल्लक जवळजवळ तेवढीच. मुलाने यावर घेतलेला आक्षेप रास्त होता: चटईच्या कारखान्यातील १६ हजारांचे तीन वर्षांनी फार तर २० होतील, मामेभावाचे मात्र सव्वा वर्षात ६ लाख झाले. या क्षेत्राची चढण जलद आहे, हे मान्यच केले पाहिजे. म्हणून सारा प्रश्न एकाच ठिकाणी येऊन थांबला: त्या पाचांत आपण असू की उरलेल्या सोळांत? याचे उत्तर कोणाच्याही पगारात नव्हते. ते मुलाला स्वतःच्या कामातून थोडेफार काढता येण्यासारखे होते.

माझे मत मी असे दिले. चोपड्याचा दावा खरा आहे, परंतु या निर्णयासाठी शून्य वजनाचा. संस्थेचा दावा, एकूण प्रवेश आणि मध्यक पगार लेखी मिळेपर्यंत, विचारात घेऊ नये. मामेभावाचा अनुभव सर्वांत जवळचा, म्हणून तोच प्रमाण मानावा आणि त्यातले सात बेकारीचे महिने धरूनच मानावा. पैसे तूर्त भरू नयेत. नोकरी न सोडता चार महिने संध्याकाळी एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन मंचावरील प्रोग्रॅमिंगचा एक अभ्यासक्रम करावा, जो शिकण्यास विनाशुल्क आहे आणि केवळ परीक्षेसाठी नाममात्र शुल्क लागते, आणि त्या काळात स्वतःचे असे एक काम उभे करून पाहावे.

वडिलांना हे फारसे रुचले नाही, कारण त्यांच्या दृष्टीने मुलाचे आणखी चार महिने कारखान्यात जाणार होते. समुपदेशकाने शेवटच्या फोनमध्ये शुल्कात २० टक्के सवलत देऊ केली. प्रवेशांच्या एकूण संख्येबद्दलचा ईमेल मात्र अनुत्तरित राहिला. मुलाने एनपीटीईएलची परीक्षा दिली. कारखान्यात नाकारल्या जाणाऱ्या चटयांची पाळीनुसार नोंद ठेवणारा एक छोटा प्रोग्रॅम त्याने लिहिला, तो आता तेथील पर्यवेक्षक रोज वापरतात. सध्या नाशिकमधील एका कमी शुल्काच्या अभ्यासक्रमाची चौकशी चालू आहे. त्या संस्थेने एकूण प्रवेश, पूर्णवेळ नोकऱ्या आणि मध्यक पगार हे तिन्ही आकडे लेखी दिले आहेत. मध्यक ३ लाख ३० हजार आहे, आणि त्या यादीतील यंत्र अभियांत्रिकीच्या दोन माजी विद्यार्थ्यांशी मुलाचे बोलणे अद्याप व्हायचे आहे.